एकविसावी धुलाई

अण्णा, परवा तुझं तेरावं झालं आणि काल सकाळी मी कनकपुरा रस्त्याच्या कडेला उभी राहून आठ बाप्यांच्या बुडांकडे टक लावून बघत होते. मी, तुझी धाकटी बहीण, पंचेचाळीस वर्षांची, हातात पूजेची पिशवी. वहिनीला सांगितलं होतं, देवळात जाते. शेजारी एक शहाळीवाला उभा होता. तो एकदा सायकलवाल्यांकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. शेवटी मीच त्याला कन्नडात झापलं, बाबा रे, मी शिवण बघतेय, तू तुझी शहाळी सोल.

तू असतास तर माझ्याही पुढे दोन पावलं, चष्मा कपाळावर चढवून तेच बघत उभा असतास. दरवर्षी असायचास. शर्यतीत पहिला कोण आला हे घरी आल्यावर वहिनीने विचारलं तर तुला सांगता यायचं नाही. पण कुणाच्या मांडीवरची शिवण सरकली, कुणाची कंबर मागून उतरली, ते नावानिशी सांगायचास. काल तुझ्या जागी मी होते आणि मनात धास्ती होती. कारण एक गोष्ट तुला सांगायची राहिलीय. हॉस्पिटलात तुझ्या उशाशी बसून सांगायचं धाडस झालं नाही. मग तेरा दिवस तुझ्या फोटोपुढच्या दिव्यात तेल घालताना रोज तोंडापर्यंत आली आणि गिळली. आज लिहिते. रागवायचं तर रागव.

तुला आठवतं का, हे सगळं सुरू कसं झालं? आपल्या जे. पी. नगरच्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान. तू कापणार, मी शिवणार. शाळेचे गणवेश, ब्लाउज, फार तर एखादा सफारी. आणि एक दिवस कारखान्याच्या सायकल टीमचा कॅप्टन नागराज एक फाटकी परदेशी चड्डी घेऊन आला. म्हणाला, अण्णा, अशी शिवून द्याल का, इथे मिळत नाही आणि साधी घालून शंभर किलोमीटर गेलं की मांड्यांची सालपटं निघतात. मी हसले. तू हसला नाहीस. तू ती दोन दिवस जमिनीवर बसून टाका टाका उसवलीस, आठ तुकडे वेगळे केलेस, वर्तमानपत्रावर मांडलेस आणि मला हाक मारलीस. "शांते, हे बघ. हे उभ्या माणसाचं कापणंच नव्हे. सायकलवर वाकलेल्या माणसाचं माप घेतलंय." आपल्या बाबांनी जन्मभर उभ्या माणसांची मापं घेतली, तूही घेतलीस, आणि इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचली नव्हती म्हणून तुला वाईट वाटत होतं.

मग काय, आपल्या दुकानात एकच धमाल. तू एकेका गड्याला स्टुलावर बसवायचास, पुढे इस्त्रीच्या टेबलावर हात टेकवून वाकायला लावायचास आणि मागून टेप लावायचास. ब्लाउज टाकायला आलेल्या बायका दारातूनच "अय्यो!" म्हणून परत जायच्या. मी म्हणायचे, अण्णा, तुझ्या या चड्ड्यांपायी माझी गिऱ्हाइकं पळाली. तू म्हणायचास, "चड्डी म्हणू नकोस गं. शॉर्ट म्हण. मान दे त्याला स्वल्प." पहिला नमुना तू स्वतःच महिनाभर पँटच्या आत घालून सायकलवरून बाजारात जात होतास. वहिनीने धुवायला नकार दिला होता, तेही आठवतं मला.

आणि तुझी ती साक्ष! कुठल्या शिंप्याने असला उद्योग केला असेल, सांग. प्रत्येक ऑर्डरबरोबर त्याच कापडाचे दोन तुकडे, त्याच दोऱ्याने, त्याच मशीनवर जोडायचे आणि त्या जोडतुकड्याला साक्ष म्हणायचं. रोज सकाळी ती बादलीत घालायची, पाण्यात मूठभर मीठ टाकायचं, कारण घामात मीठ असतं. धुवायची, गुडघ्यावर ताणून दहा हिसके द्यायचे आणि गच्चीवरच्या दोरीला उन्हात टांगायची. अशा एकवीस धुलाया. साक्ष टिकली तर ऑर्डर जाणार, नाही टिकली तर आठच्या आठ परत उसवायच्या. नागराज वैतागायचा. समोरच्या मावशींना तर वाटायचं की आपण कुणावर तरी करणी करतोय, रोज दोरीवर काळं फडकं आणि बादलीत मीठ. वहिनीला विचारूनही गेल्या होत्या. वहिनी म्हणाली, "करणीच आहे हो, पण घरातल्यांवर."

मी तुझ्याशी यावरून किती भांडले. मी म्हणायचे, दोन वर्षं टिकलं की पुरे, माणसंसुद्धा जाड-बारीक होतात, जन्मभर एकच चड्डी घालायचीय का कुणाला? आणि कापताना तू शिवणीबाहेर माया किती सोडायचास! बोटभर हवी तिथे दोन बोटं. मी म्हणायचे, पहिली शिवण झाली की जादाची कापून टाकू या, हाताला अडचण होते. लगेच ओरडायचास. "एकवीस होईपर्यंत कात्री लावायची नाही!" कापड वाया जातं म्हणून मी चिडायचे, तू ऐकायचा नाहीस. ते भांडण अर्धंच राहिलं. त्यात तू जिंकलास, हे आता कबूल करते, का ते पुढे सांगते.

पण सगळ्यांत डोकं उठवायचा तुझा तो रोजचा प्रश्न. सकाळी मी मशीनवर बसले, कव्हर काढलं, दिवा लावला, की मागून आवाज आलाच. "सुई कुठली लावलीस?" काही वर्षं रोज हेच, अण्णा! अरे, मी काय काल शिवायला शिकले? ताणाच्या कापडाला गोल टोकाची सुई लागते हे मला ठाऊक होतं. साधी सुई अणकुचीदार, ती कापडातला धागा कापत जाते. गोल टोकाची धाग्याला बाजूला सारून वाट काढते. दोन्ही शिवणी नव्या असताना सारख्याच दिसतात. देवालासुद्धा फरक कळणार नाही. धुवून, ताणून, उन्हात टाकून महिना झाला की कापलेला धागा सुटायला लागतो. मी रोज म्हणायचे, "गोल, अण्णा, गोल. लिहून लावू का कपाळावर?" आणि तू तुझ्या अर्ध्या कन्नडात म्हणायचास, "सरी मग." ठीक आहे मग.

त्या शुक्रवारी तू मी उठायच्या आतच यशवंतपूरला गेलास. वहिनी म्हणाली, काहीतरी सामान आणायला गेलेत. मला वाटलं इलॅस्टिक. आठ शॉर्ट तू आदल्या दिवशीच कापून ठेवल्या होत्यास. मी मशीनवर बसले तर मशीनला सुईच नाही. खाली लोहचुंबक फिरवलं, चटई झटकली, पायपुसणं झटकलं. वाटलं, तुटून कुठेतरी उडाली असेल, आणि पायात रुतेल कुणाच्या तरी. डबीत गोल टोकाची एकही शिल्लक नव्हती. म्हटलं, येऊ दे तुला, बघू. आणि तू यायच्या ऐवजी समोरच्या मावशींच्या घरी फोन आला, बसस्टॉपवर पडलास म्हणून, लोकांनी हॉस्पिटलात नेलंय म्हणून.

त्या दिवशीचं काही लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका मोठा आहे, पण आता स्थिर आहेत. वहिनी तुझ्यापाशी बसली आणि मला घरी पाठवलं, जरा आंघोळ कर, जेव. मी घरी आले आणि मला काही सुचेना. हात रिकामे ठेवले तर वेड लागेल असं वाटत होतं. समोर तुझे कापलेले तुकडे, खडूच्या रेघा तशाच. नागराजची शर्यत तीन आठवड्यांवर, आणि त्यातले एकवीस दिवस साक्षीचेच. त्याच दिवशी शिवलं तरच वेळेत होणार होतं. यशवंतपूरला जाऊन यायला अर्धा दिवस, आणि नेमकं कुठल्या दुकानात तू सुया घेतोस हेही मी कधी विचारलं नव्हतं. मी ब्लाउजची साधी सुई काढली आणि लावली. मनात म्हटलं, एखादीच शिवू. मग दुसरी शिवली. रविवारी दुपारपर्यंत आठही झाल्या, साक्षही शिवली, नेहमीसारखी बादलीत घातली, मीठ टाकलं. जादाची माया मात्र कापली नाही. ती एक गोष्ट तुझं ऐकून ठेवली.

संध्याकाळी हॉस्पिटलात आले. तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस, आणि पहिलं काय विचारलंस? "शिवल्यास?" मी हो म्हटलं. "सुई कुठली लावलीस?"

वहिनी शेजारी मोसंबी सोलत होती. तुझा हात छातीवर काहीतरी चाचपत होता, मला वाटलं पुन्हा दुखायला लागलं, मी सिस्टरला हाक मारली. आणि तुझ्याकडे न बघता म्हटलं, "गोल, अण्णा. गोल टोकाचीच."

छातीवर फिरणारा तुझा हात थांबला. मग म्हणालास, "सरी मग." आणि पाणी मागितलंस.

मी तुला मशीनवरून हजार उलटी उत्तरं दिली असतील, पण खोटं हे एकच. आणि त्यानंतर आठवडाभर तू होतास आणि मी रोज ठरवत होते की आज सांगते. कधी तुला झोप लागलेली, कधी डॉक्टर आलेले, कधी तू चांगला हसत होतास म्हणून वाटलं, कशाला. सोमवारी पहाटे तू गेलास. आपल्याकडे सांगायला काही उरलं तर ते माणसाच्या कानात सांगतात म्हणे, शेवटी. मी तुझ्या कानाशी वाकलेही होते. मागे सगळे उभे होते, मी फक्त "अण्णा" म्हटलं.

मग सुतक. तेरा दिवस मशीन बंद, सुईला हात लावायचा नाही, हा आपल्या घरचा नेम. बाबांच्या वेळी तूच पाळायला लावला होतास. आठ शॉर्ट कपाटात घडी घालून पडलेल्या. पण धुण्याला सुतक नसतं. साक्ष धुणं मी सोडलं नाही. तू गेलास त्या दिवशी एक धुलाई चुकली, ती दुसऱ्या दिवशी दोनदा धुवून भरून काढली. रोज गच्चीवर जाऊन दहा हिसके द्यायचे आणि उजेडापुढे धरायचं. अकरावी नीट. बारावी नीट. मला वाटायला लागलं, सुटले. तेराव्या धुलाईला शिवणीच्या कडेने बारीक उजेड दिसला. टाचणीच्या टोकाएवढा. मी चष्मा पुसला, पुन्हा धरलं. एकाच्या खाली एक, चार भोकं.

अण्णा, खाली तुझ्यासाठी रडायला माणसं आलेली आणि मी गच्चीवर एका फडक्याकडे बघत उभी होते. नागराजने नेऊन घातल्या असत्या तर काल काही झालं नसतं, कदाचित. पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात, कुठेतरी उतारावर, घरापासून ऐंशी किलोमीटर लांब, एकेकाची शिवण उलगडत गेली असती. आणि लोक म्हणाले असते, अण्णांचं शेवटचं काम जरा कच्चंच झालं हो, आजारी होते ना. तुझ्या नावावर गेलं असतं! आणि मी गप्प बसले असते तर कुणाला कळणारही नव्हतं. तेच सगळ्यात वाईट. दोन रात्री मी हाच हिशेब करत होते आणि वहिनीला वाटत होतं मी तुझ्या आठवणीने जागी आहे.

सातव्या दिवशी नागराज भेटायला आला. पठ्ठ्या दारातच ढसाढसा रडला. कपड्यांचं एका शब्दाने विचारलं नाही. उलट म्हणाला, "अक्का, काही घाई नाही." जायला निघाला तशी मी त्याच्या मागे फाटकापर्यंत गेले आणि सांगून टाकलं. सुई साधी लावली, साक्षीला भोकं पडलीत, सुतकात मला उसवता येत नाही, तुला शर्यतीला देता येणार नाहीत.

तो फाटकाची कडी वरखाली करत राहिला. मग म्हणाला, "अण्णा असते तर काय म्हणाले असते?"

"शिव्या घातल्या असत्या."

"मग घातल्या समजा." आणि फाटक उघडत म्हणाला, "जुन्या आहेत आमच्याकडे, अक्का. पाच वर्षांपूर्वीच्या. त्याच घालून जाऊ."

म्हणून काल मी रस्त्यावर होते. पाच वर्षांच्या त्या शॉर्ट, काळ्याच्या पार तपकिरी झालेल्या, कमरेचं इलॅस्टिक दोनदा बदललेलं. मला रात्रभर काळजी, आता याही फाटल्या तर काय तोंड दाखवू. आले ते. आधी घंटेचा आवाज, मग सगळे वाकलेले, तुझ्या मापाने वाकलेले. मी एकेकाची मागची मधली शिवण बघितली, मग मांडीची, मग बाजूची. नागराजची, त्या उंच पोराची, सगळ्यांची. एक टाका हललेला नव्हता, अण्णा. आठही जण वळणावरून दिसेनासे झाले तेव्हा मला जाणवलं की त्या शिवणी माझ्या आहेत. कापणं तुझं होतं, पण टाके माझे. तू रोज सकाळी विचारायचास आणि मी रोज चिडून खरं उत्तर द्यायचे, त्या दिवसांमधले. शहाळीवाल्याने मला न मागता एक शहाळं दिलं. मी रडत होते वाटतं.

आज सकाळी कपाटातल्या आठ शॉर्ट काढल्या. तुझी ती दोन बोटं माया तशीच होती. भोकांची ओळ कापून टाकली तरी आत नवी शिवण घालायला जागा आहे, माप जराही कमी होत नाही. यासाठीच मी म्हटलं, ते भांडण तू जिंकलास. राहिला प्रश्न सुयांचा. मी वहिनीला विचारलं, अण्णा यशवंतपूरला सुया कुठून आणायचे गं? ती म्हणाली, "मला काय ठाऊक. खिशात पावती असेल बघ, त्या पिशवीत."

हॉस्पिटलाने दिलेली पिशवी, दाराआडच्या खिळ्याला टांगलेली. तुझे त्या दिवशीचे कपडे. आम्ही दोघींनी इतके दिवस तिला हात लावला नव्हता. वहिनीने ती खाली काढली, माझ्या हातात दिली आणि आत निघून गेली.

तुझा निळा शर्ट. बसचं तिकीट. चष्म्याचं घर. वरच्या खिशात नव्या सुयांचं पाकीट, गोल टोकाच्या, दहा. आणि पाकिटाच्या मागे काळ्या कापडाचा एक तुकडा, त्यात टोचलेली एक जुनी सुई. माझ्या मशीनची. दुकानदाराला नमुना दाखवायला तू ती काढून नेली होतीस.

लोहचुंबक फिरवून जी शोधली ती तुझ्या खिशात होती. म्हणजे तू मला विचारलंस तेव्हा तुला पक्कं ठाऊक होतं की घरात गोल टोकाची एकही सुई नाही. तुझा हात छातीवर फिरत होता तो दुखत होतं म्हणून नव्हे रे. तू खिसा चाचपत होतास. हॉस्पिटलच्या कपड्यांना खिसा नव्हता.

तरी तू "सरी मग" म्हणालास. वहिनीसमोर मला खोटं पाडलं नाहीस. की आठवडाभर वाट बघत होतास, शांता आज सांगेल, उद्या सांगेल? ते आता मला कोण सांगणार? याचाच घोर लागून राहिलाय, अण्णा, आणि तो जाणार नाही.

नवी सुई लावलीय. जुनी त्या तुकड्यातच ठेवली. पहिली शॉर्ट उसवून पुन्हा शिवली, साक्षही नवी शिवली, वर बादलीत मीठ घालून आले. आजची पहिली. मग दुसरी शिवायला पुन्हा मशीनपाशी बसले, दिवा, दोरा, सगळं झालं, आणि मागे कुणी काही विचारलं नाही. तेव्हा मीच मोठ्याने म्हटलं, "साधी लावली होती, अण्णा. खोटं बोलले."

आतून वहिनीचा आवाज आला, "काय गं शांता? कुणाशी बोलतेस?"

मी उठून आत गेले आणि तिलाही सांगितलं.